मेंढरांच्या साक्षीनं वेल्श

वेल्श शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतो तो वेल्श माणसाचा चांगुलपणा. घरी घोकून ठेवलेलं वाक्य तुम्ही दुकानात कसंबसं उच्चारता. काउंटरमागची बाई हसते, मनापासून कौतुक करते आणि तुम्हाला त्रास नको म्हणून लगेच इंग्रजीत बोलू लागते. तिचं इंग्रजी तुमच्या वेल्शपेक्षा शंभरपट बरं असतं, मागं रांग लागलेली असते आणि घोकलेली पुढची वाक्यं घशातच राहतात. वेल्श बोलणारा जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणूस इंग्रजीही बोलतो. म्हणजे तुमच्याशी वेल्शमध्ये बोलण्याची गरज कुणालाच नसते. अशी गरज नसलेली भाषा बोलायला सवड लागते आणि निमित्तही लागतं. या दोन्ही गोष्टी एका जागी मिळण्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे शेतीचं प्रदर्शन, आणि त्यातही मेंढ्यांची शेड.

मी मूळची सांगोला तालुक्यातली, धनगराच्या घरातली. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आण्णा एसटीत कंडक्टर झाले आणि आमचा वाडा मोडला. मी फिजिओथेरपी शिकले आणि नोकरीनं मला वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, अबेरिस्टविथला आणून सोडलं. माझ्याकडे शेतकरी पेशंट खूप येतात. वाकून मेंढ्या कातरून कंबर गेलेले, क्वाडबाइकवरून पडून खांदा निखळलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गोठ्यात शिरलेले. दुखणं ते मला इंग्रजीत सांगायचे, पण खांदा फिरवताना कळ आली की तोंडातून वेल्शच निघायची. कळ कुठल्या भाषेत आली हे फिजिओथेरपिस्टला कळायला हवं, असं मला वाटलं आणि मी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग उत्तम असतात, हे आधी सांगते. प्रौढांना वेल्श शिकवण्यासाठी २०१६मध्ये राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. अगदी पहिल्या पायरीपासून पार वरपर्यंत अभ्यासक्रम आखलेला आहे. पहिल्या पायरीचं नाव ‘मनेद्याद’, म्हणजे प्रवेश. पण वर्गात भाषा हाच विषय असतो. ‘काल तू काय केलंस?’ असं शेजारची विचारते, तेव्हा मी काल काय केलं याच्याशी तिला काडीचंही देणंघेणं नसतं. भूतकाळ बरोबर आला की झालं. मेंढीच्या कुडाशी उभं राहून ‘ही किती वर्षांची?’ असं विचारलं, तर विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ते खरोखरच महत्त्वाचं असतं.

वेल्स हा डोंगराळ देश. माणसं एकतीस लाख आणि मेंढ्या सुमारे नव्वद लाख. २०२१च्या जनगणनेत तीन वर्षांवरच्या ५,३८,३०० लोकांनी, म्हणजे १७.८ टक्के लोकांनी, आपल्याला वेल्श बोलता येते असं सांगितलं. त्याआधीच्या जनगणनेत हे प्रमाण १९ टक्के होतं. २०५०पर्यंत वेल्श बोलणारे दहा लाख लोक तयार करायचे, असा सरकारचा संकल्प आहे. आकडे मात्र उलट्या दिशेनं चालले आहेत. या सगळ्यात एक धंदा वेगळा उठून दिसतो. शेती, वनं आणि मासेमारी यांत काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोक वेल्श बोलतात. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात एवढं प्रमाण नाही. याचं कारण फार गूढ नाही. मास्तर, नर्स, बँकेतला कारकून यांची बदली होते, मुलं शहरात वाढतात. डोंगरउतारावरचं शेत मात्र जागचं हलत नाही. ते बापाकडून लेकाकडे किंवा लेकीकडे जातं, त्याबरोबर वावरांची नावं जातात, कळप हाकायची पद्धत जाते आणि शेजाऱ्याशी बांधावर भांडायची भाषाही जाते. म्हणूनच इथं शेतीच्या अनुदानाचा वाद निघाला की भाषेचा विषय आपोआप निघतो. मार्च २०२४मध्ये नव्या अनुदान योजनेच्या विरोधात कार्डिफच्या संसदेच्या पायऱ्यांवर रबरी बुटांच्या ५,५०० जोड्या मांडून ठेवल्या होत्या. योजनेमुळे तेवढे रोजगार जातील, असा अंदाज होता. ती शेतं गेली तर त्यांच्याबरोबर वेल्शही जाईल, ही भीती तेव्हा बऱ्याच लोकांनी बोलून दाखवली.

या धंद्याची वर्षाची जत्रा म्हणजे रॉयल वेल्श शो. वेल्श माणूस एवढं लांब नाव घेत नाही. तो नुसतं ‘अ शोए’ म्हणतो, म्हणजे ‘प्रदर्शन’, आणि कुठलं ते सगळ्यांना कळतं. पहिलं प्रदर्शन १९०४मध्ये आमच्या अबेरिस्टविथलाच भरलं. पुढं ते गावोगाव फिरत राहिलं आणि १९६३पासून ल्हानेल्वेद इथं कायमचं वसलं. जुलैच्या उत्तरार्धात सोमवार ते गुरुवार असे चार दिवस, आणि त्या चार दिवसांत दोन लाखांवर माणसं. २००१मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे आणि पुढं कोविडच्या दोन वर्षांत प्रदर्शन भरलं नाही. त्या वर्षांबद्दल लोक अजून सुतक पडल्यासारखं बोलतात.

गंमत अशी की ही जागा वेल्श भाषेच्या बालेकिल्ल्यात नाही. ल्हानेल्वेदला लागून, वाय नदीच्या पलीकडे बिल्थ वेल्स हे गाव आहे. ते पॉविस परगण्यात येतं आणि तिथं वेल्श बोलणारे सुमारे १६ टक्केच आहेत. जवळच्याच किल्मेरीला १२८२च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र ल्हवेलिन मारला गेला आणि वेल्सचं स्वातंत्र्य संपलं. एरवी बिल्थच्या दुकानांत इंग्रजीच ऐकू येतं. प्रदर्शनाच्या आठवड्यात मात्र उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून ट्रेलर भरभरून जनावरं येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही येते. चहाच्या रांगेत, संडासाच्या रांगेत, गुरं धुण्याच्या जागेवर, सगळीकडे वेल्श.

आता मेंढ्यांच्या शेडमध्ये चला. लांबच लांब रांगा, लोखंडी जाळ्यांचे कप्पे, खाली पेंढा. मेंढ्या धुऊन, विंचरून, काही तर रंगाच्या हलक्या द्रावणात बुडवून पिवळसर सोनेरी केलेल्या. परीक्षण होईपर्यंत मालक पांढरा डगला घालून नुसता घामाघूम असतो. त्या वेळी त्याच्याशी बोलायला जाऊ नका. परीक्षक येतो, मेंढीच्या पाठीवर हात दाबून मांस किती भरलंय ते बघतो, दात बघतो, पाय बघतो. (आज्जी माणसंही अशीच पारखायची, पण ते असो.) निकाल लागला, रिबिनीचं फूल जाळीला टांगलं, की मालकाला संध्याकाळपर्यंत काही काम उरत नाही. तो उपड्या बादलीवर बसतो, थर्मासमधला चहा ओततो आणि कुणीतरी येऊन आपल्या मेंढीबद्दल विचारावं याची वाट बघत राहतो. ही वेळ आपली.

कुडाशी होणारं बोलणं मुळात थोडकंच असतं, आणि तेच त्याचं वैभव आहे. हिचं वय काय? कुठून आणली? घरी किती आहेत? कोकरं किती झाली? बक्षीस कितवं? यंदा गवत कसं आहे? पाऊस येणार का? एवढ्या प्रश्नांत पाऊण तास निघतो. उत्तरंही पहिल्या पायरीतली: आकडे, गावांची नावं, बरं, वाईट, लई वाईट. तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसता, मेंढीकडे बघत असता. त्यामुळे शब्द आठवायला लागणारा वेळ कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मेंढीकडे बघत गप्प उभं राहणं हे या शेडमध्ये सभ्य वर्तन समजलं जातं. आणि एका मालकाकडे जमलेलं बोलणं लगेच शेजारच्या कप्प्यात पुन्हा करता येतं, मेंढी तेवढी वेगळी. वर्गात एकच वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं तर कंटाळा येतो; इथं तेच वाक्य दहा मालकांना विचारलं की दहा कहाण्या मिळतात.

मराठी माणसाला इथं काही गोष्टी फुकट मिळतात, हे मला शेडमध्येच कळलं. वेल्शमध्ये ‘हो’ला एक ठरलेला शब्द नाही. ‘मेंढ्या आहेत का?’ म्हटलं तर उत्तर ‘आहेत’. ‘ती आजारी आहे का?’ म्हटलं तर ‘आहे’, ‘जिंकलास का?’ म्हटलं तर आणखी तिसरंच. माझ्या वर्गातले इंग्रज लोक यावर डोकं धरून बसायचे. आपण मराठीत दिवसभर दुसरं काय करतो? ‘जेवलीस का?’ ‘जेवले.’ तसंच ‘ती’ आणि ‘खी’. पहिलं ‘तू’, दुसरं ‘तुम्ही’. म्हाताऱ्या मालकाला ‘खी’, पांढरा डगला घालून मेंढा धरून उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोरीला ‘ती’, आणि मेंढीला अर्थातच ‘ती’. कुणाला काय म्हणायचं, याचा विचारही करावा लागला नाही.

वेल्श व्याकरणातली सगळ्यात बदनाम गोष्ट म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर बदलणं. वाक्यात आधी कोणता शब्द आला त्यावरून ‘क’चा ‘ग’ होतो, ‘त’चा ‘द’, ‘प’चा ‘ब’. शब्दकोशात शोधायला जावं तर शब्द सापडतच नाही, कारण त्याचं तोंडच बदललेलं असतं. पण शाळेत संधी शिकलेल्यांनी जरा आठवून पाहावं. वाक् अधिक ईश, वागीश. जगत् अधिक ईश, जगदीश. अप् अधिक ज, अब्ज. ‘क’चा ‘ग’, ‘त’चा ‘द’, ‘प’चा ‘ब’. दुसरा प्रकार अनुनासिकाचा: वाङ्मय, जगन्नाथ. वेल्शमध्येही तो आहे. फरक इतकाच की संस्कृतात आधीच्या शब्दाचं शेपूट बदलतं, वेल्शमध्ये पुढच्या शब्दाचं डोकं. बिल्थ गावाचं वेल्श नाव ल्हानवायर-अम्-मिआल्हट. त्यातला मूळ शब्द ‘बिआल्हट’, त्या परिसराचं जुनं नाव. ‘मध्ये’ या अर्थाचा शब्द आधी आला आणि ‘ब’चा ‘म’ झाला. म्हणजे प्रदर्शनाला जाणारी प्रत्येक पाटी तुम्हाला संधी शिकवत असते.

मेंढ्यांच्या जातींची नावं तर याचं चालतंबोलतं पुस्तक आहे. ‘तोर’ म्हणजे पोट, ‘दी’ म्हणजे काळं, ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी. पांढऱ्या अंगाची आणि काळ्या पोटाची मेंढी ‘तोर्दी’. त्यातला ‘द’ जीभ दातांशी घासत म्हणायचा. काळ्या अंगाची, पांढऱ्या पोटाची ‘तोर्वेन’. इथं ‘ग्वेन’चा ‘ग’ गळून गेला. कपाळावर पांढरा पट्टा असलेली ती ‘बाल्वेन’, तिच्यातही तेच. तिन्ही जाती कप्प्यांत उभ्या असतात. मी नियम पाठ करायचं सोडून दिलं आणि मेंढ्या पाठ केल्या.

सवड असलेल्या माणसांना चेष्टाही सुचते. ‘कुठली तू?’ हा प्रश्न इंग्लंडात माझ्यासारख्या सावळ्या बाईला विचारला की त्याला कधीकधी वेगळा वास येतो. शेडमध्ये तो प्रत्येकालाच विचारतात, आणि उत्तर खोऱ्यापर्यंत, वाडीपर्यंत द्यावं लागतं. महाराष्ट्रातली म्हटल्यावर केरेडिगियन परगण्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या देशाचंही व्याकरण करून टाकलं. ‘पासून’ या अर्थाच्या शब्दापुढं ‘म’चा ‘व्ह’ होतो, म्हणून मी व्हाहाराष्ट्रातून आलेली. मग मीही विचारलं, आमचं मोठं शहर पुणे, तिथं राहते असं म्हणायचं तर? ‘प’ला अनुनासिक लागलं की ‘म्ह’. ‘अम् म्हुणे!’ तो म्हणाला आणि स्वतःच खूश झाला. परदेशी गावांना लोक सहसा हे नियम लावत नाहीत, ही गंमतच होती. सांगोल्याच्या ‘स’ला कुठलाच नियम लागत नाही, हे कळल्यावर मलाही बरं वाटलं.

माझं पहिलं लांबलचक वेल्श बोलणं मात्र लोकरीवर झालं. डोंगरी मेंढ्यांच्या रांगेत एका मालकाला मी सहज विचारलं, लोकरीला भाव काय? तो हसला तो कडूच. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं लोकरीचा भाव इतका पडलेला आहे की अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. मेंढी कातरली नाही तर तिला उन्हाळ्यात किडे पडतात, म्हणून कातरायची. नफ्याचं नावच नाही. ‘ग्व्लान’ म्हणजे लोकर, हा शब्द त्यानं शिवी द्यावी तसा उच्चारला. मी त्याला सांगितलं, माझ्या आजोबांकडेही मेंढरं होती, काळी, जाड लोकरीची. सनगर ती घेऊन घोंगडी विणायचे. आता घोंगडी घेणारा कमी झाला, विणणाराही कमी झाला आणि लोकर तशीच पडून राहते. हे सांगताना माझी क्रियापदं कोलमडत होती, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच. घोंगडी किती वजनाची, पाऊस तिच्यातून आत येतो का, कातरायला किती माणसं लागतात, हे त्याला हवं होतं. हातकात्रीनं कातरतो म्हटल्यावर त्यानं मला ओढतच कातरणीच्या मांडवाकडे नेलं. तिथं यंत्राच्या स्पर्धांबरोबर हातकात्रीचीही स्पर्धा असते. कात्रीचं नाव ‘ग्वेल्हाइव’, आणि दिसायला ती आमच्या माळ्यावरच्या कात्रीची सख्खी बहीण. २०१०मध्ये कातरणीची जागतिक स्पर्धा याच ल्हानेल्वेदला झाली होती, न्यूझीलंडचे गडी कसे आले होते, हे सगळं त्यानं मला ऐकवलं. यातलं मला निम्मं कळलं असेल.

या सगळ्यात तो एकदाही इंग्रजीकडे वळला नाही. माझं वेल्श तेवढं चांगलं होतं म्हणून नव्हे. तक्रार माणूस आपल्या भाषेत करतो आणि भाव पडल्याची तक्रार तर हमखास. म्हणून नवशिक्यांना मी सांगते: हवामानानं सुरुवात करा, पण लवकरात लवकर भावाकडे या. लोकरीचा भाव, खाद्याचा भाव, डिझेलचा भाव. सौजन्य गळून पडतं आणि समोरचा खरं बोलू लागतो.

आकड्यांचं एक वेगळंच प्रकरण आहे. वेल्शमध्ये मोजायच्या दोन पद्धती आहेत. शाळेत शिकवतात ती दहाची, सोपी, ‘दोन दहा तीन’ म्हणजे तेवीस. जुनी पद्धत विसाची. वीस म्हणजे ‘इगाइन’, चाळीस म्हणजे दोन विसा, साठ तीन विसा, ऐंशी ‘पेद्वार इगाइन’, चार विसा. अठराला ‘देइनाउ’, म्हणजे दोन नव्वे. म्हाताऱ्या मालकांच्या तोंडी जुनी पद्धत अजून ऐकू येते. आमच्या वर्गाची तरुण शिक्षिका माझ्यासाठी हळहळायची. मला उलट आज्जी आठवायची. तीही मेंढरं विसानंच मोजायची. कळप आत घेताना ‘तीन विसा आणि वर सात’ असा तिचा हिशोब असायचा. माणसानं बोटं सोडून जनावरं मोजायला घेतली की वीस हा आकडा हाताला येतो, एवढंच मला वाटतं.

मेंढ्यांचा आणि हिशोबाचा संबंध इथं नोटांवरसुद्धा छापलेला होता. रेल्वे येण्याआधी वेल्समधली काळी गुरं चालवत इंग्लंडच्या बाजारांत न्यायचे. लांबच्या वाटेसाठी गुरांच्या खुरांना नालही ठोकायचे. हे काम करणारे हेडे दोन्ही भाषा जाणत आणि लोकांचा पैसाही इकडून तिकडे नेत. त्यांच्यातल्याच एकानं १७९९मध्ये ल्हानदोव्हरीला काळ्या बैलाचं चित्र असलेली बँक काढली; १९०९मध्ये ती लॉइड्सनं घेतली. आमच्या अबेरिस्टविथ आणि ट्रेगारॉनच्या बँकेच्या नोटांवर काळ्या मेंढ्या होत्या. एका पौंडाच्या नोटेवर एक मेंढी, दोन पौंडांवर दोन, आणि दहा शिलिंगांच्या नोटेवर कोकरू. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही नोट कळायची. ती काळी गुरं आजही प्रदर्शनात मिरवतात, आणि त्यांच्या शेडमध्ये उत्तर वेल्सची बोली भरपूर ऐकायला मिळते.

कारण वेल्शही एक नाही. दक्षिणेत दुधाला ‘ल्हाइथ’, उत्तरेत ‘ल्हेव्रिथ’. ‘आत्ता’ला दक्षिणेत ‘नाउर’, उत्तरेत ‘रूआन’. मेंढ्याला, म्हणजे नराला, दक्षिणेत ‘हुर्द’ आणि उत्तरेत ‘महारेन’. आमच्या पुस्तकाच्याही दक्षिणेची आणि उत्तरेची अशा दोन आवृत्त्या असतात. एरवी दुसऱ्या टोकाची बोली ऐकायला दिवसभर गाडी चालवावी लागते, कारण वेल्सचे रस्ते डोंगराला विचारून वळतात. शेडमध्ये मात्र चार कप्पे ओलांडले की बोली बदलते. मी दक्षिणेची वेल्श शिकते, त्यामुळे उत्तरेचा माणूस बोलायला लागला की पहिली पाच मिनिटं मी नुसती मान हलवते. त्यालाही माझी वेल्श कानाला जराशी लागतेच.

एका जागी मात्र वेल्शचा सराव होत नाही, ती म्हणजे मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांचं मैदान. घरात, शेतात, देवळात वेल्श बोलणारा मेंढपाळ कुत्र्याला हुकूम देतो तो बहुधा इंग्रजीत. डावीकडून जा, उजवीकडून जा, बस, सगळं इंग्रजी. ब्रिटनमधली पहिली नोंदलेली कुत्र्यांची स्पर्धा १८७३मध्ये वेल्समध्येच, बालाला झाली, आणि जिंकला तो वेल्समध्ये राहणाऱ्या एका स्कॉटिश माणसाचा ट्वीड नावाचा कुत्रा. मला हसू याचं येतं की पुण्याच्या बंगल्यांतही कुत्र्याशी इंग्रजीच बोलतात. माणसं भाषेवर हवी तेवढी भांडोत, कुत्र्यांचा निर्णय झालेला आहे.

बुधवारी मुख्य रिंगणात कॉब घोडे असतात, आणि त्या दिवशी बोलायचं नाही, ऐकायचं. या तट्टांची संस्था १९०१मध्ये स्थापन झाली, आणि प्रदर्शनातला कॉब हा शेतकऱ्यांच्या घरचा अभिमान. वळू पाय उंच फेकत धावतो, लगाम धरून माणूसही त्याच्याबरोबर पळतो आणि कठड्याशी दाटलेली गर्दी ओरडते. ध्वनिक्षेपकावर दोन्ही भाषा असतात. एकच गोष्ट दोन्हींत ऐकायला मिळणं, तीही घोडा डोळ्यांसमोर असताना, हा शिकणाऱ्यासाठी उत्तम योग. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी आहे. ती १९८२मध्ये सुरू झाली आणि प्रदर्शनाचं थेट प्रक्षेपण करते. तिच्यावरचा शेतकऱ्यांच्या भेटीगाठींचा कार्यक्रम अनेक वर्षं दाइ जोन्स ल्हानिलार सांभाळायचे. स्वतः शेतकरी, मोठे गायक, आणि २०१०मध्ये या प्रदर्शनाचे अध्यक्ष. २०२२मध्ये ते गेले. त्यांच्या जुन्या भागांत ते प्रश्न विचारतात आणि मग उत्तर पुरं होईपर्यंत थांबतात. ऐकायला शिकायचं तर त्यांच्याकडून.

पाय दुखायला लागले की ‘मेर्खेद अ वाउर’च्या बायकांकडे जावं. ‘पहाटेच्या लेकी’ असं नाव असलेली ही वेल्शभाषी स्त्रियांची संघटना १९६७मध्ये बालाजवळच्या एका खेड्यात सुरू झाली. त्यांच्याकडे बसायला खुर्ची, आणि नवशिक्याला तिथं बाळ म्हणूनच वागवतात. अगदी ‘बाख’ म्हणतात, जे आपल्या ‘बाळा’सारखंच कुणालाही लागतं. त्या मुद्दाम हळू बोलतात, पण इंग्रजीत शिरत नाहीत. याउलट तरुण शेतकरी क्लबांच्या पोरांच्या वाटेला जाऊ नये. त्यांची वेल्श इतकी झपाट्याची आणि इंग्रजी शब्दांनी भरलेली, की मला पेशंटांचा एक्स-रे वाचणं सोपं वाटतं. ट्रॅक्टरवाल्यांच्या तंबूतही सराव होत नाही. विकणारे कुठूनही आलेले असतात आणि भाषा पैशाची. ‘मी वेल्श शिकते आहे’ असा बिल्ला मिळतो तो छातीवर लावावा. तो पाहिला की निम्मे लोक वेग कमी करतात.

एवढी गर्दी नको असेल तर छोटी प्रदर्शनं आहेत. उन्हाळाभर वेल्समध्ये गावोगाव एका दिवसाची प्रदर्शनं भरतात, एकाच शेतात मेंढ्या, कॉब, जॅमच्या बाटल्या आणि मुलांनी काढलेली चित्रं. तिथं मालक तुम्हाला दुसऱ्या वर्षी ओळखतात आणि मागच्या वर्षीचं बोलणं पुढं चालू करतात, त्यामुळे ‘गेल्या वर्षी’चा भूतकाळ आपसूक जमतो. आमच्या जवळचं ल्हानिलारचं प्रदर्शन मला राजेशाही शोएपेक्षाही आवडतं. ऑगस्टमध्ये अँगलसी बेटावर मोठं प्रदर्शन असतं, पक्क्या उत्तरेकडच्या बोलीचं. तिथल्या एका मेंढ्याच्या मालकानं मला बोलावून ठेवलंय, म्हणून सध्या मी दुधाला ‘ल्हेव्रिथ’ म्हणते आणि आमच्या वर्गाची शिक्षिका कान झाकते.